घोटाघोटाचा हिशेब

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरात काय ठेवायचं, काय आणि कसं प्यायचं, यावर गोव्यातून आलेले काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरं आहारतज्ज्ञ आणि बॅरिअॅट्रिक वॉर्डातल्या परिचारिका यांनी मिळून दिली आहेत. दोन शब्द पुन्हा पुन्हा येतील. स्लीव्ह म्हणजे जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून केळ्यासारखी नळी उरवणं. तिच्यात साधारण १०० ते १५० मिली मावतं. बायपास म्हणजे जठराच्या वरच्या टोकाला ३० मिलीच्या आसपासची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणं. तुमच्या सर्जनने दिलेला तक्ता इथल्या आकड्यांहून वेगळा असेल तर तोच पाळा.

माझ्या मिस्टरांची स्लीव्ह होऊन बारा दिवस झाले. दिवसाला दोन लिटर पाणी सांगितलंय, पण रात्री बाटली बघते तर जेमतेम सातशे-आठशे मिली गेलेलं असतं. आग्रह केला की म्हणतात मळमळतं. काय करू? (मडगाव)

आग्रह सोडा, घड्याळ लावा. पण त्याआधी मोजणी तपासा. बाराव्या दिवशी त्यांचा सगळाच आहार पातळ असणार. दूध, ताक, डाळीचं निवळ, गाळलेलं सूप, प्रथिनांचं पेय हे सगळं त्या दोन लिटरांत धरायचं असतं. तुम्ही फक्त पाण्याची बाटली बघत असाल तर आकडा मुळातच कमी दिसतोय. दोन दिवस प्रत्येक पेला मापून वहीत लिहा. बेरीज दीड लिटरच्या पुढे गेली तर घाबरण्यासारखं काही नाही.

आता हिशेब. सकाळी सहा ते रात्री नऊ असे पंधरा तास धरू. दर पंधरा मिनिटांनी ३० मिली, म्हणजे तासाला १२० मिली आणि दिवसाला १८०० मिली. आज एवढं पुरतं. ते ३० मिलीसुद्धा एका दमात नाही, तीन-चार घोटांत. खोकल्याच्या औषधाबरोबर मापाचं प्लास्टिकचं टोपण येतं, ते धुऊन पाण्याच्या बाटलीपाशी ठेवा. पेला हातात असला की माणूस सवयीने मोठा घोट घेतो, आणि मळमळीचं सगळ्यात नेहमीचं कारण तोच मोठा घोट असतो.

गंमत तिसऱ्या आठवड्यात होते. घोटलेलं, मऊ अन्न सुरू झालं की जेवताना पाणी नाही आणि जेवण संपल्यावर अर्धा तास नाही. चार छोटी जेवणं, प्रत्येकी अर्धा तास, वर प्रत्येकी अर्धा तासाची बंदी, म्हणजे चार तास गेले. उरले अकरा. पूर्वीच्याच चालीने पीत राहिलात तर १३२० मिलीच होतात. त्या दिवसापासून दर दहा मिनिटांनी ३० मिली करा, म्हणजे पुन्हा दोन लिटरच्या जवळ याल. पहिले दोन आठवडे नीट पाणी पिणारी माणसं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कोरडी पडतात ती याच वजाबाकीमुळे. शिवाय तहान लागल्यावर पिऊ म्हणून थांबलात तर उशीर होतो. तहान जाणवते तेव्हा शरीर आधीच मागे पडलेलं असतं, आणि भरपाई म्हणून तांब्याभर पाणी घटाघट प्यायची सोय आता राहिलेली नाही.

साधं पाणी धातूसारखं लागतं अशी पुष्कळांची तक्रार असते. मग कोमट करून बघा, फ्रिजमधलं गार करून बघा, बर्फाचा खडा चघळायला द्या. कुणाला काय मानवेल ते आधी सांगता येत नाही. जिरं उकळून गाळलेलं पाणी किंवा दूध न घातलेला फिका चहा चालतो. स्ट्रॉ नको, तिच्यातून हवा जाते आणि पोट तडस लागल्यासारखं दुखतं. गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्याने मळमळ होतेय का तेही पाहा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती तशीच पुढे ठेवायची की कमी करायची, हे डॉक्टरांना आजच विचारा. हा प्रश्न घरोघरी राहून जातो.

लघवी गडद पिवळी, दिवसातून चारपेक्षा कमी वेळा, जीभ कोरडी, उठताना अंधारी अशी लक्षणं दिसली आणि दिवसभरात अर्धा लिटरही पोटात राहत नसेल, तर सलाईन लावावं लागेल. सकाळची वाट बघू नका. ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढत जाणारं दुखणं, शांत बसूनही नाडी १२० च्या वर, यांतलं काहीही असेल तर विषय पाण्याचा नाही. टाक्यांच्या रेषेतून गळती असू शकते आणि ती पहिल्या काही आठवड्यांत होऊ शकते. थेट शस्त्रक्रिया झालेल्या ठिकाणी जा.

पुढच्या महिन्यात माझी स्लीव्ह आहे. एकटी राहते, नोकरी करते. घरी आल्यावर बाजारात जाणं जमणार नाही. आधी काय काय भरून ठेवू? (फोंडा)

आधी काय भरू नये ते सांगतो. प्रथिनांच्या पावडरीचा मोठा डबा घेऊ नका. शस्त्रक्रियेनंतर चव बदलते. आधी आवडलेला चॉकलेट स्वाद नंतर नाकाशीही नेववत नाही, आणि दोन किलोचा डबा कपाटात पडून राहतो. दोन-तीन स्वादांच्या छोट्या पुड्या घ्या, त्यांत एक बिनस्वादाची असू द्या. पुडीमागचा तक्ता वाचा: एका मापात २० ते २५ ग्रॅम प्रथिनं आणि साखर पाच ग्रॅमच्या आत. दुधाने पोट फुगत असेल तर व्हे आयसोलेट (दुधातल्या प्रथिनांची शुद्ध केलेली पावडर) घ्या, त्यात दुधातली साखर फार कमी असते.

भांड्यांत लागेल ते एवढंच: बारीक जाळीची गाळणी, मिक्सरचं चटणीचं भांडं, १०० मिलीच्या दोन वाट्या, चहाचे चमचे, बर्फाचे दोन ट्रे, झिपच्या पिशव्या आणि तारीख लिहायला कागदी चिकटपट्टी. बर्फाच्या ट्रेचा एक कप्पा पाण्याने भरा आणि ते औषधाच्या टोपणात ओतून मोजा. बहुतेक २० ते २५ मिली भरेल. हा आकडा ट्रेखाली लिहून ठेवा, कारण तिसऱ्या आठवड्यापासून तुमचं एक जेवण म्हणजे यातले तीन-चार खडे.

पहिले एक-दोन दिवस निवळ पातळ, मग साधारण दोन आठवड्यांपर्यंत सगळ्या प्रकारचं पातळ, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेलं, पाचव्या-सहाव्यात मऊ, आणि मग हळूहळू नेहमीचं. या क्रमानेच तयारी करा.

पातळासाठी आपल्याकडे पेज आहेच. पाव वाटी उकडे तांदूळ, सहा वाट्या पाणी, कुकरला सहा-सात शिट्या. वरचं निवळ गाळून घेतलं की झालं. पण पेजेबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण गोव्यातल्या घरात आजारी माणसाला पेज दिली की सगळ्यांचं समाधान होतं. पेजेच्या निवळात पाणी, मीठ आणि पिष्ट असतं, प्रथिनं जवळपास नसतात. तुम्हाला दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. दिवसभर पेजच पोटात गेली तर जागा भरते आणि स्नायू झिजतात. वजन उतरतं खरं, पण महिन्या-दोन महिन्यांत थकवा येतो आणि पुढे केस गळायला लागतात. म्हणून पेज कोमट झाल्यावर वाटीभर पेजेत अर्धं माप बिनस्वादाची पावडर ढवळा. उकळत्या पेजेत टाकली की तिच्या गुठळ्या होतात आणि त्या गाळणीतच राहतात. आधी दोन चमचे गार पाण्यात कालवून मग घातली तर एकजीव होते. साय काढलेल्या दुधाची भुकटीही चालते. दहा ग्रॅम, म्हणजे एक मोठा चमचा, सुमारे साडेतीन ग्रॅम प्रथिनं देतो.

घोटलेल्या आहारासाठी शस्त्रक्रियेच्या आधीच्या आठवड्यात दोन पदार्थ करून गोठवा. पहिला मुगाच्या डाळीचा: अर्धी वाटी डाळ, हळद, मीठ, भरपूर शिजवून मिक्सरमधून काढलेली, चमच्यावरून सावकाश घसरेल इतकी सैल. दुसरा नुस्त्याचा. नुस्तेकान्नीकडून लेपो किंवा मुडदुशे घ्या. मांस पांढरं, मऊ, काटे काढायला सोपे. १०० ग्रॅम मासा मीठ-हळद लावून आठ-दहा मिनिटं वाफवा, कातडी काढा आणि काटे डोळ्यांनी नव्हे तर बोटांनी चाचपून काढा. मग वाफेचं खाली साचलेलं पाणी दोन-तीन चमचे घालून वाटा. एवढ्यात सुमारे १८ ग्रॅम प्रथिनं येतात. तारल्यांचे बारीक काटे वाटणात लपून राहतात, म्हणून ती आत्ता नकोत. इसवण चांगला, पण तळला की कोरडा पडतो. वाफवून किंवा पातळ हुमणात शिजवूनच.

वाटण गार झालं की ट्रेमध्ये भरा, गोठल्यावर खडे पिशवीत काढा आणि तारीख टाका. शस्त्रक्रियेनंतरच्या चौथ्या आठवड्याअखेर संपवा. खाताना हवे तेवढेच खडे काढून चांगली वाफ येईपर्यंत गरम करा. उरलं तर टाकून द्या, परत गोठवू नका. एकटीच आहात, तर एक काम शेजारणीला सांगून ठेवा: ताजं दूध आणि दही. बाकी सगळं घरात असेल.

आडसराचं (शहाळ्याचं) पाणी, सोलकढी आणि (विचारूनच टाकतो) हुर्राक, यांतलं काय कधी? (पेडणे)

आडसराचं पाणी पहिल्या आठवड्यापासून घोट घोट चालतं, दिवसाला एक पेला पुष्कळ. त्यात नैसर्गिक साखर आणि पोटॅशियम दोन्ही असतात. मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या असतील तर आधी विचारा.

सोलकढीसाठीचं भिरंडाचं (कोकमाचं) आगळ मुळातच खारवलेलं असतं. पेलाभर पाण्यात एक चहाचा चमचा आगळ घाला, वर मीठ घालू नका, साखर तर नकोच. स्लीव्हनंतर छातीत जळजळ होणाऱ्यांना आंबट सोसत नाही. तसं झालं तर बंद करा. नारळाच्या रसाची सोलकढी पाचव्या-सहाव्या आठवड्यानंतर, पातळ, अर्धी वाटी, मिरची आणि लसूण न घालता.

हुर्राक वर्षभर तरी नाही, फेणीही नाही. या शस्त्रक्रियांनंतर मद्य रक्तात फार लवकर चढतं आणि पूर्वीइतक्याच प्याल्याने पातळी बरीच वर जाते. बायपासमध्ये तर अधिकच. पूर्वीच्या अंदाजाने पिऊन स्कूटर काढणं धोक्याचं आहे. लिंबू-सोड्यातला सोडा तर वेगळाच शत्रू. वायूने छोटं जठर ताणलं जातं आणि दुखतं.

बायपास होऊन तीन महिने झाले. पावसाळ्यात आमच्याकडे सहा-सात तास वीज जाते आणि नळाला गढूळ पाणी येतं. त्यात जून-जुलैत मासळी नाही. साठा करायचा तर कसा? (वाळपई)

या प्रश्नात तीन प्रश्न आहेत, आणि त्यांतला पाण्याचा सगळ्यात तातडीचा.

दोन दिवसांच्या जुलाबांनी घरातली बाकीची माणसं थोडी अशक्त होतात, तुम्ही मात्र इस्पितळात जाता, कारण गेलेलं पाणी भरून काढायचा तुमचा वेगच कमी आहे. गढूळ पाणी आधी काही तास निवू द्या, वरचं पाणी चौपदरी स्वच्छ फडक्यातून गाळा, मग उकळा. खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट ती तशीच हवी. भांड्याच्या तळाशी बुडबुडे दिसले म्हणजे उकळी नव्हे. गाळ न काढता फिल्टरमध्ये ओतलं तर कँडल तुंबते आणि लोक वैतागून फिल्टर बाजूला ठेवतात. उकळलेलं पाणी तोटीच्या किंवा अरुंद तोंडाच्या झाकणाच्या भांड्यात भरा. पेला बुडवून काढायची सवय असेल तर उकळण्याचा सगळा खटाटोप फुकट. तुमच्यासाठी तीन दिवसांचं पिण्याचं सहा लिटर आणि पेज-डाळीसाठी तीन लिटर, एवढं पाणी घरच्यांच्या कळशीपासून वेगळं ठेवा.

ओआरएसच्या पुड्या ठेवाच, पण २०० मिलीसाठीच्या छोट्या. एक लिटरची पुडी कालवली की ती चोवीस तासांत संपवावी लागते. अर्धी पुडी अंदाजाने पेलाभर पाण्यात टाकणं चूक. मिठाचं प्रमाण बिघडतं. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते बघा. दुकानात रंगीत खोक्यांत मिळणारी गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. बायपासनंतर त्यांतली साखर जुलाब वाढवते. अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे, तरी जुनी सवय म्हणून मागणारे आणि देणारे आहेतच.

आता वीज. दार न उघडलेला फ्रिज सुमारे चार तास थंडी धरतो. खच्चून भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. म्हणजे सहा-सात तासांच्या खंडानंतर फ्रीझरमधलं बहुधा सुरक्षित, पण खाली ठेवलेलं दूध, दही, शिजवलेला मासा आणि डाळ यांचा भरवसा धरू नका. वास चांगला आला तरी. यावर घरगुती उपाय आहे. फ्रीझरमधली रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरा, तोंडाशी चार बोटं मोकळी सोडून. वीज गेली की त्यांतल्या दोन बाटल्या पटकन खालच्या कप्प्यात दह्या-दुधाला टेकवून ठेवा आणि दार लावून टाका. आणि एका वाटीत बर्फ करून त्यावर रुपयाचं नाणं ठेवा. तुम्ही दिवसभर बाहेर असाल आणि परत आल्यावर नाणं बर्फाच्या तळाशी गेलेलं दिसलं, तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलंय. तो साठा टाकायचा.

म्हणूनच वाळपईसारख्या ठिकाणी फ्रीझर हे कोठार समजू नका. दहा दिवसांत संपेल एवढंच गोठवा. खरा आधार विजेविना टिकणाऱ्या वस्तूंचा: २०० मिलीची न उघडलेली टेट्रापॅक दुधं (प्रत्येकी सहा-सात ग्रॅम प्रथिनं), साय काढलेल्या दुधाची भुकटी, मूगडाळ, डाळ्याचं पीठ आणि अंडी. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात. पाण्यात सोडल्यावर तरंगणारं अंडं जुनं, ते बाजूला काढा. पावडरीच्या डब्यात ओला चमचा गेला की पावसाळी दमटपणात दोन दिवसांत दगड होतो. माप डब्याबाहेर कोरड्या वाटीत ठेवा.

मासळीचं म्हणाल तर १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची बंदी यांत्रिक बोटींना असते. खाडीचं आणि छोट्या होड्यांचं थोडंफार नुस्तं येतच राहतं, फक्त महाग. मे महिन्यात घेऊन गोठवायचं झालं तर पांढऱ्या मांसाचा मासा घ्या, साफ करून ६०-७० ग्रॅमचे तुकडे वेगवेगळे बांधून. बांगडा तेलकट, तो लवकर खवट होतो. सुक्या मासळीची किसमूर मात्र जपून. मीठ भयंकर असतं, आणि सुके बांगडे चावून चावूनही धाग्यासारखे राहतात, मग अडकतात. सुकी सुंगटं अर्धा तास भिजवून, पाणी दोनदा बदलून, कुटून डाळीत घातली तर चालतील, तीही चमचाभर. माणक्यो (स्क्विड) आणि तिसऱ्या (शिंपल्या) रबरासारख्या होतात; सहा महिने तरी थांबा.

म्हापसा ते पणजी रोज बसने जातो. स्लीव्हला पाच महिने झाले. घाईत उंडो खाल्ला आणि छातीत असा अडकला की तोंडातून फेस येऊ लागला. वरून पाणी प्यालो तर आणखीच त्रास. पिशवीत काय ठेवू? (म्हापसा)

पाणी प्यालात तिथेच चुकलं. खाली वाट बंद आहे, वरून पाणी ओतलं की ते उलटूनच येणार. तो फेस म्हणजे अडलेली लाळ. असं झालं की खाणं-पिणं थांबवा, उभे राहा, थोडं चाला, लाळ थुंकून टाका. बहुतेक वेळा अर्ध्या-एक तासात उतरतं. त्या दिवशी मग पातळच, दुसऱ्या दिवशी मऊ. चार-सहा तासांनीही स्वतःची लाळ गिळता येत नसेल, किंवा उलटीत रक्त दिसलं, तर इस्पितळ गाठा. आणि उलट्या दोन-तीन दिवस चालल्या तर सलाईन लावण्याआधी डॉक्टरांना शस्त्रक्रियेबद्दल सांगा. बी-१, म्हणजे थायमिन, शरीरात दोन-तीन आठवड्यांपुरतंच साठलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

उंड्याचं कारण त्याच्या पोटात आहे. कवच कुरकुरीत, पण आतला मऊ भाग लाळेने भिजून कणकेचा गोळा होतो आणि स्लीव्हच्या अरुंद वाटेत बसतो. पोदेराचा पाव सोडवत नसेल तर पोईचा पातळ काप तव्यावर कडक भाजा, नखाएवढे तुकडे करा आणि शेवटी खा, अंडं किंवा मासा खाऊन झाल्यावर. गरम भात, कोरडी कोंबडी, संत्र्याची साल न काढलेली फोड हेही असेच बसणारे. पण पदार्थापेक्षा वेग जास्त घातक असतो. एक घास, वीस-पंचवीस वेळा चावून, मग चमचा खाली. धावत्या बसमध्ये हे जमत नाही, म्हणून बसमध्ये खाऊच नका. तिथे फक्त पाणी.

पाण्यासाठी अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या घ्या, एक जाताना, एक कचेरीत. पर्वरीत वाहतूक अडली की तासभर कुठे जातो कळत नाही, आणि बाटली वर सामानाच्या फळीवर असली तर काही उपयोग नाही. ती मांडीवर हवी. पिशवीत कोरड्या छोट्या डबीत एक माप पावडर ठेवा. पाणी खायच्या वेळीच घाला, कालवून ठेवलेली उन्हाळ्यात दोन तासांत टाकायची. उकडलेलं अंडं किंवा पनीरचे चार तुकडे न्यायचे तर डब्याला बर्फाची पिशवी टेकवा. भाजलेले चणे, सालं काढून, मूठभर: न बिघडणारे आणि ३० ग्रॅममध्ये सहाएक ग्रॅम प्रथिनं देणारे. चिक्की, बिस्किटं, बेकरीतली पॅटिस सहज आत जातात, अडकत नाहीत, आणि म्हणूनच वजन उतरायचं थांबतं ते बहुधा त्यांच्यापायी.

श्रावणात आम्ही मासे-अंडी खात नाही, लगेच मग चवथ. बायपासला आठ महिने झाले. गेल्या महिन्यात एका घरी दोन नेवऱ्या खाल्ल्या आणि अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात कळा. प्रसादही खायचा नाही का? (डिचोली)

तो डम्पिंगचा प्रकार. गोड आणि तेलकट एकदम लहान आतड्यात उतरतं, आतड्यात पाणी ओढलं जातं, मग कळा आणि धडधड. खाल्ल्यावर दहा ते तीस मिनिटांत होतो तो हा. दुसरा एक ते तीन तासांनी येतो: साखर झपकन वाढते, इन्सुलिन जास्त सुटतं आणि साखर खाली जाते, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी. पहिल्यात आडवं पडायचं, थोड्या वेळाने घोट घोट पाणी. दुसऱ्यात घरातल्या मीटरने साखर बघायची, ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात, आणि बरं वाटल्यावर थोडं पनीर किंवा दही, नाहीतर तासाभरात पुन्हा घसरते. मधुमेहाच्या जुन्या गोळ्या चालू असतील तर त्यांची मात्रा आधी तपासून घ्या.

प्रसाद म्हणजे नेवरीचा तळहातावर मावणारा कोपरा, जेवणाच्या शेवटी, रिकाम्या पोटी कधीच नाही. पानात आधी मुगागाठी घ्या. सोललेल्या मोडाच्या मुगांची, नारळ कमी घातलेली. मग खतखत्यातली डाळ आणि भाज्या. तोणाकाचा रस चालेल, तिखट बेताचं.

श्रावणातल्या एका दिवसाचे ६० ग्रॅम असे जमतात: पावडरीचं एक माप २४, साय काढलेलं दूध ४०० मिली १४, पनीर ५० ग्रॅम ९, चक्का १०० ग्रॅम ८, मुगागाठी अर्धी वाटी ५. चक्का रात्री फडक्यात टांगा, पण फ्रिजमध्ये. ओट्यावर टांगला तर दमट हवेत आंबतो. सोमवारच्या उपासाला साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्याऐवजी दूध-पनीर. निर्जळी उपास मात्र नकोच, आणि घरातल्या मोठ्यांनी विचारलं तर डॉक्टरांचं नाव पुढे करा.

कॅल्शियम, लोह, बी-१२, मल्टिव्हिटॅमिन, एवढ्या गोळ्या. सगळ्या सकाळीच एकदम घेतल्या तर? (काणकोण)

कॅल्शियम आणि लोह एकमेकांना शोषू देत नाहीत, दोघांत दोन तास हवेत. लोह चहाबरोबर नको. कॅल्शियम सायट्रेट दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम लागतं, पण एका वेळी ५०० हून फारसं जास्त शोषलं जात नाही, म्हणून तीन वेळा. सोपी मांडणी: न्याहरीनंतर मल्टिव्हिटॅमिन आणि लोह, मग अकरा, चार आणि रात्री नऊला कॅल्शियम. पहिले काही आठवडे चघळायच्या गोळ्या घ्या. बी-१२ साधारणपणे रोजची गोळी किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन, आणि हे सगळं आयुष्यभर. डबा न्हाणीघरात किंवा गाडीच्या खणात ठेवू नका. अंगदुखीसाठी घरात पॅरासिटामॉल असू द्या. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक शेजाऱ्याने दिली तरी घेऊ नका, विशेषतः बायपास असेल तर, जोडाच्या ठिकाणी अल्सर होतो.